बानू मागे बसली तो शुक्रवार

दौंड, सोमवार, ६ जानेवारी १९६९

पलटणीत मी डिस्पॅच रायडर होतो, म्हणजे फटफटीवरून कागद पोचवणारा. रोज संध्याकाळी वहीत लिहावे लागे, कुठून निघालो, किती मैल झाले, वाटेत काय बिघडले. पलटण सुटून अकरा वर्षे झाली. लिलावातली फटफटी माझ्याबरोबर आली आणि वहीची खोडही. आता गावोगाव विहिरींवरची तेलाची इंजिने दुरुस्त करत हिंडतो. इंजिन बंद पडले की भिमा मिस्त्री कुठाय म्हणून शोधाशोध, आणि चालू झाले की कोण भिमा?

आज बिघाड घरातला आहे. सकाळी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला ओट्यावर बसवून सांगितले की दोन फेब्रुवारीला केंदूरला हौसरावांची मुलगी बघायला जायचे. मुलगी माझ्यासाठी. मी म्हटले, आबा, माझे लग्न झाले आहे. ते म्हणाले, मीच लावलंय, मला काय सांगतोस. कायदा काढला तर म्हणाले, कायदा पुण्यात राहतो. वर शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला, "खंडोबानं बी दोन केल्या. तू काय देवापरीस मोठा हाईस?"

देवाची दुसरी बायको बानू, आणि माझी पहिलीच बानू. उलटेच सगळे.

बानूला अजून काही माहीत नाही. तिला मी सांगायचे असे ठरले. म्हणजे आबांनी ठरवले.

गुरुवार, ९ जानेवारी

सांगितले नाही. दोनदा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा चहा मागितला. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "किती च्या पिता?"

लग्नाला नऊ वर्षे झाली. तीन मुले झाली. पहिले पोटातच गेले. दुसरा मुलगा चार दिवस राहिला. तिसरी मुलगी अकरा दिवस होती, तिच्या हातापायांची कातडी सोलल्यासारखी निघत होती. तिचे नाव ठेवायचे बारशाला ठरले होते, ते राहिले. आईचे म्हणणे, बानूच्या अंगात उष्णता फार, पोटात मूल भाजते. म्हणून रोज सकाळी सब्जाचे पाणी, दुपारी दूर्वांचा रस, उन्हाळ्यात गुलकंद. बानू निमूट पिते. तिच्यासारखी सोशिक बाई दौंडात दुसरी नसेल, हे मी वहीत लिहितो, तिला कधी म्हटलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेले होते. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवले आणि मलाच विचारले, कधी गरमी झाली होती का? मी म्हटले, साहेब, दौंडच्या उन्हाळ्यात कुणाला होत नाही? ते हसले नाहीत. चिठ्ठी लिहून दिली, दोघांचे रक्त तपासून घ्या म्हणाले. चिठ्ठी माझ्या पलटणीच्या पुस्तकात घालून ठेवली. अंबाल्याला असताना थोडा त्रास झाला होता, खरे आहे. सुया सुरू केल्या, अर्ध्यात बदलीचा हुकूम आला, आणि पुढे त्रास आपोआप गेला. लग्नाआधीची गोष्ट. तिचा आणि पोरांचा काय संबंध? बाहेर येऊन बानूला सांगितले, डॉक्टर म्हणतात काळजी करू नका.

हे आज कशाला लिहिले कोण जाणे.

बुधवार, १५ जानेवारी

संक्रांत झाली. आईने आलेल्या बायकांसमोर बानूला वाण द्यायला पुढे येऊ दिले नाही. बानूने आतून ताटे भरून दिली. मी सायकलच्या चाकाला हवा भरत बसलो होतो, हवा आधीच भरलेली होती.

आता टाळून चालायचे नाही. घरात बोलायची सोय नाही. आमच्या घराला दोन खोल्या आणि आठ कान. म्हणून युक्ती काढली. परवा न्हावऱ्याला शेखलालच्या विहिरीवरचे इंजिन बघायचे आहे. बानूला बरोबर न्यायचे. दिवसभर आडवाटेने हिंडवायचे, शेताभातातून, आणि येताना इनामगावला घोड नदीच्या काठी पुण्याची कॉलेजची माणसे जुन्या काळची माती खणतात, ते दाखवायचे. वाटेत कुठेतरी सांगून टाकायचे. मोकळ्या रानात माणूस मोकळे ऐकतो.

नऊ वर्षांत ती एकदाही फटफटीवर बसलेली नाही. आपल्याकडे बायकोला मागे बसवून हिंडणे म्हणजे तमाशाच. मला वाटले होते, नकोच म्हणेल. ती तांदूळ निवडत होती. तिने विचारले, "पुण्याची माणसं अजून हायती का तिथं? त्यात बाया बी हायती?" मी म्हटले, कॉलेजच्या मुली आहेत, कुंचल्याने माती झाडत बसतात. तिने दोन-चार खडे काढून टाकले आणि म्हणाली, "येते मी."

बिचारीला फिरायची किती हौस असेल, आणि मला इतकी वर्षे कळले नाही. मनाला लागले. आईने भांडी आपटली, त्याकडे लक्ष दिले नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज एकूण एकाहत्तर मैल. त्यातले निम्मे शोधाशोधीतले. 

सकाळी सातला निघालो. कॅरिअरवर पोत्याची घडी बांधून दिली. बानू हिरवे लुगडे नेसून एका अंगाने बसली, पदर कानांवरून घट्ट आवळला, आणि मला न धरता कॅरिअरची दांडी धरली. नदीला पाणी गुडघ्याएवढेच होते, ती उतरून चालत आली, मी फटफटी उतारावरून ढकलत काढली. पलीकडे पुन्हा बसली. पहिल्या गावात पोरे मागे पळाली. दुसऱ्या गावात पारावरची माणसे उठून उभी राहिली, जशी कुणी साहेबाची बाई चालली आहे. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला घाम फुटला. आणि मागून काय ऐकू यावे? बानूही हसत होती. नऊ वर्षांत तिचे असे हसणे मी ऐकले नव्हते, निदान घरात तरी नाही.

एका हरभऱ्याच्या शेताजवळ तिने थांबवले. ओळख ना देख, शेतातल्या म्हातारीकडून मूठभर डहाळे मागून आणले. दोघे बांधावर बसून घाटे सोलून खाल्ले. थंडी होती, ऊन अंगाला बरे वाटत होते. ती म्हणाली, फटफटीवरनं झाडं पळत्यात आन् आपुन बसूनच, गंमतच हाय. मला म्हणाली, पलटणीत असं कुणाला मागं बसवून हिंडवत हुता? मी म्हटले, कागदाच्या पिशव्या. ती म्हणाली, "पिशव्याच ना?" आणि माझ्याकडे बघत राहिली. मी उठून फटफटीला किक मारली.

तिथे बोलायचे होते. तोंडासमोर तोंड असताना नाही जमत. मग सुचले, चालत्या फटफटीवर बोलावे. मी पुढे बघणार, ती मागे. इंजिनाच्या आवाजात सगळे सोपे होईल. तसेच केले. न्हावऱ्याच्या अलीकडे, शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेवर, मान न वळवता मोठ्याने ओरडून सांगितले, "आबा केंदूरला मुलगी बघतायत. माझ्यासाठी. दोन तारखेला जायचंय."

ती काही बोलली नाही. एवढ्यात पुढे ओढा आला. पाणी कमी, वाळू फार. पहिल्या गेअरात, दोन्ही पाय टेकत, रडतखडत चढ धरला. चाक रुतले, घसरले, आता बंद पडतेय की काय असे झाले, आणि एकाएकी इंजिनाने जीव धरला आणि फटफटी सशासारखी वर गेली. जुने यंत्र, पण मालकाची अडचण कळते त्याला. पुढची वाट सपाट होती. मला धीर आला आणि राहिलेले सगळे सांगून टाकले. म्हटले, तू थोरलीच राहशील. किल्ल्या तुझ्याकडेच. ती आली तरी घर तुझे, आणि मूल झाले तर तुझ्याच मांडीवर वाढेल. मी तुला कधी अंतर देणार नाही. हे बोलताना माझेच डोळे भरले. मागून शब्द नाही. मी म्हटले, न बोलणे म्हणजे होकारच, बाई समजूतदार आहे. तीन-चार मैल असा हलका झालो होतो की शीळ घातली.

न्हावऱ्याला विहिरीवर उतरलो. शेखलाल म्हणाला, "मिस्त्री, येकलंच आलासा?"

मागे वळलो. पोत्याची घडी होती. बानू नव्हती.

पुढचा तासभर कसा गेला ते लिहिता येत नाही. वाटेत पडली असेल, डोके फुटले असेल, एवढेच डोळ्यांसमोर. तसाच माघारी ओढ्यापर्यंत आलो. कुठे काही नाही. वाळूत ज्योतिबा नावाचा एक म्हातारा मेंढरे घेऊन बसला होता. हिरवे लुगडे, बाई, असे विचारले. तो म्हणाला, "व्हय, बघितली की. चढाला तुमची गाडी हळू झाली तवा उतरली. उभी ऱ्हायली जरा येळ, तुमच्या पाठीकडं बघत. मग इनामगावची वाट इचारून गेली."

म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चालत्या गाडीवरून कशाला उतरेल ती? खाली वाळूत धक्का बसला तेव्हा पडली असणार, लागले नसेल, हाक मारली असेल, इंजिनात मला ऐकू आली नाही. आणि इनामगाव कशाला विचारेल? तिला घरी यायचे तर नदी विचारेल.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला आणि अशा वेळीही हसू आले. माझे नाव भिमा आणि नदीही भीमा. नऊ वर्षांत बानूने या नदीचे नाव तोंडातून काढलेले नाही. 'थोरली नदी' म्हणते, पूर आला तर 'ती आली' म्हणते. बाजारात कुणी नदीचे नाव घेतले तरी लाजते. आता या परक्या मुलखात, दोन नद्यांच्या मधोमध, नुसते 'नदीकडं जायचंय' म्हणाली असेल आणि लोकांनी घोडकडे धाडली असेल. दुसरे काय? माझ्या नावापायी माझी बायको वाट चुकली.

तरी माझ्या मनाला थोडे बरे वाटले, हे खोटे का लिहू? एवढी वर्षे नाव पाळते, ती काय सोडून जाणार.

तीनच्या सुमाराला इनामगावला जन्नतबी नावाच्या बाईच्या अंगणात सापडली. जन्नतबी त्या खणायच्या कामावर माती वाहते. बानू भाकरी खात बसली होती. खरचटलेले नव्हते, लुगड्यालाही धूळ नव्हती. मी म्हटले, कशी गं मागे राहिलीस? ती म्हणाली, "ऱ्हायले." मी म्हटले, नदी विचारलीस आणि लोकांनी या नदीकडे धाडले, होय ना? तिने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाली, "व्हय. नाव घेता येत न्हाई न्हवं मला." जन्नतबीने तोंड फिरवले आणि उगीच कोंबड्या हाकलल्या.

खणलेले बघायचे तर तिने आधीच बघून घेतले होते. मला सांगत होती, पूर्वीच्या लोकांची घरे सापडली आहेत, चुलींसकट. आणि जमिनीखाली, घरातच, दोन-दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले. आत तान्ह्या पोरांची हाडे. जी पोरे जात ती घराबाहेर नेत नसत. पुण्याच्या एका पोरीने तिला नीट समजावून सांगितले म्हणे. किती तरी वेळ ती पोरगी तिच्याजवळ बसली होती.

परत येताना दर अर्ध्या मैलाला हात मागे नेऊन ती आहे का बघत होतो. शेवटी म्हणाली, "हाय. गाडी बघून चालवा."

शनिवार, १८ जानेवारी

एकच किडा डोक्यात. तिने किती ऐकले?

वाळूत पडली असेल तर पहिले वाक्य ऐकले आणि बाकीचे नाही. म्हणजे सवत येणार एवढे कळले, आणि मी किती चांगला वागणार ते राहिले. त्याआधीच पडली असेल तर काहीच नाही. विचारावे कसे? तू ऐकलेस का म्हटले की काय म्हणून विचारेल.

ती नेहमीसारखी आहे. चूल, पाणी, धुणे. फक्त आज सब्जाचा पेला तिने उचलून मोरीत ओतला. आईने आकांत केला. बानू म्हणाली, "मला न्हाई उष्णता." एवढेच. फटफटीच्या वाऱ्याने डोके फिरले, असे आई म्हणते.

सोमवार, २० जानेवारी

संध्याकाळी न्हाणीघराजवळ तिने विचारले, आपली तिघं कुठं ठेवली?

हे आमच्यात कधी बोलले गेले नव्हते. बाळंतिणीला सांगत नाहीत. मी आणि आबा जाऊन आलो होतो तीनही वेळा. मी म्हटले, नदीकाठी, बाभळीखाली. ती म्हणाली, मला दावा. मग खरे सांगावे लागले. बाभूळ दोन वर्षांपूर्वीच्या पुरात गेली. काठही गेला. तिथे आता पाणी आहे.

ती बसली. रडली नाही. म्हणाली, "त्या लोकांनी घरात ठिवली. चुलीजवळ. आईला ठावं तरी हुतं."

मी तिथून उठून गेलो. फटफटीचा प्लग साफ करून ठेवला. मला फार वाईट वाटत होते आणि तिच्याजवळ बसायचे होते. पण बसलो असतो तर आणखी काही विचारले असते.

रविवार, २६ जानेवारी

बाहेर शाळेची पोरे झेंडे घेऊन गेली. आबा आणि आई सत्यनारायणाला शेजारी गेले होते. बानूने माझ्यासमोर पाटावर एक कागद ठेवला. डॉक्टरची चिठ्ठी.

मी म्हटले, ही तुझ्याकडे कुठून? ती म्हणाली, पलटणीच्या पुस्तकातून, ट्रंक झाडताना कधीच सापडली होती. दवाखान्याचा छाप ओळखला, पण वाचता येईना. दौंडात कुणाकडून वाचून घ्यावी, तर गावभर होईल. मी इनामगावचे नाव काढले त्या दिवशीच तिने ठरवले होते. चंचीत घालून नेली होती.

मी म्हटले, म्हणजे तू वाट चुकली नाहीस?

"इनामगावच इचारलं मी. नदी कशाला इचारू? त्या पुण्याच्या पोरीला म्हणलं, बाई, येवढं वाच. तिनं रोगाचं नाव वाचलं आन् तिचंच तोंड उतरलं. मग म्हणली, मावशी, हा रोग बाईला तिच्या मालकाकडनं लागतो. आन् मग पोराला."

मी बोललो, अंबाल्याची गोष्ट जुनी आहे, लग्नाआधीची. ती म्हणाली, ठावं हाय. लग्नाआधीची म्हणून तिचा राग नाही. तिने जे म्हटले ते जसेच्या तसे लिहितो, कारण मी विसरून जाईन, मला माझा स्वभाव माहीत आहे.

"पयलं गेलं तवा तुम्हाला ठावं नसंल. दुसरं गेलं तवाबी नसंल. तिसरीच्या अंगावर कातडी न्हाई उरली, तिला बघून डाक्तरकडं गेलो आपुन. तिथनं पुढं दोन वर्सं तुम्हाला ठावं हाय. दोन वर्सं मी त्ये पाणी पीत हुते तुमच्यासमोर."

मी म्हटले, मला खात्री नव्हती. ती म्हणाली, खात्री नसताना दुसरी पोरगी आणायला निघालात.

मग तिने विचारले, फटफटीवर केंदूरचं ऐकलं तवाच उतरले, पुढं काय म्हणलात? किल्ल्या, थोरली, मांडीवर मूल, हे सगळे तिच्या तोंडाकडे बघून म्हणायचा प्रयत्न केला. एक शब्द फुटला नाही. तिथे, वाळूच्या पुढे, तीन-चार मैल पोत्याच्या घडीला किती छान सांगत होतो.

ती म्हणाली, केंदूरला जा. जायचेच. पण जे आहे ते हौसरावांना स्वतःच्या तोंडाने सांगायचे. नाही तर ती स्वतः एस.टी.ने जाऊन सांगेल.

गुरुवार, ३० जानेवारी

चार दिवस पळवाटा शोधतो आहे. आजारी पडावे. फटफटी मोडावी. कुंडली जुळत नाही म्हणावे, म्हणजे मुलगीही वाचेल आणि अब्रूही. ही शेवटची बानूला सांगितली. ती म्हणाली, आणि आबा तिसऱ्या गावची बघतील, तेव्हा? 

तिचे खरे आहे. असल्या वेळी तिचे खरे असते याचाच राग येतो.

रविवार, २ फेब्रुवारी

केंदूर. जाऊन येऊन बरेच मैल, मोजले नाहीत.

आबा माझ्या मागे बसले होते, डोक्याला नवा पटका. हौसराव सरळ माणूस, पूर्वी आमच्यासारखी त्यांच्याकडेही मेंढरेच होती, आता कांदा करतात. घोंगडी अंथरली होती. मुलगी पोहे घेऊन आली. रतन तिचे नाव. असेल अठरा वर्षांची, हातात नव्या बांगड्या, एकदाही मान वर केली नाही. बशी माझ्यासमोर ठेवली. माझी तिसरी मुलगी जगती तर तिलाही असेच कुणासमोर तरी बशी ठेवायला लावली असती, हे मनात आले आणि हातातली बशी खाली ठेवली.

मुलगी आत गेली. आबा याद्यांचे बोलू लागले. मी मध्येच म्हणालो, मामा, मला एक सांगायचंय. आणि सांगितले. अंबाला सांगितले, सुया अर्ध्या टाकल्या ते सांगितले, तीन मुले सांगितली, चिठ्ठी लपवली ते सांगितले. रोगाचे नाव घेतले. या वेळी हौसरावांच्या डोळ्यांकडे बघून बोललो. आवाज चिरका येत होता, पण आला.

हौसराव उठले आणि आतले दार लोटून आले. आबांकडे वळून म्हणाले, "दगडोबा, तुम्हाला ठावं हुतं?" आबांनी मान हलवली. नाही. आबांचे तोंड मी आयुष्यात असे बघितले नव्हते, एवढेसे झाले होते. मग हौसराव मला म्हणाले, "पोरीचा बाप म्हणून तुझ्या मुस्काडात मारावी वाटतीय. आन् पोरीचा बाप म्हणूनच हात जोडावं वाटत्यात. तू उठ आता."

आबा परत माझ्या मागे बसले नाहीत. एस.टी.ने येतो म्हणाले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पुणे. दोघांनी रक्त दिले. बाकावर तीन तास शेजारी बसलो, एका हाताचे अंतर ठेवून. तिने भाकरी आणली होती, अर्धी माझ्यासमोर केली. तेवढ्याने माझे डोळे भरून आले. तिने तिकडे बघितले नाही.

घरी आबा ओट्यावर बसत नाहीत. आई सकाळी बानूच्या हातातले पाण्याचे हंडे घ्यायला पुढे झाली. बानूने दिले नाहीत.

सोमवार, १० फेब्रुवारी

दोघांच्या रक्तात रोग निघाला. तेच डॉक्टर होते. ओरडले असते तर बरे झाले असते, ते नुसते लिहीत राहिले. आज पहिली सुई झाली. दर सोमवारी एक, अशा तीन, दोघांनीही, एकही चुकवायची नाही. कोर्स नीट पुरा केला तर पुढचे मूल जगेल अशी आशा आहे, म्हणाले. हे त्यांनी बानूला सांगितले. मला नाही.

दौंडला उतरलो तर बानू घराकडे वळलीच नाही. पाटसला, माहेरी जाते म्हणाली. पिशवी सकाळीच भरून आणली होती, मला वाटले होते पुण्याला लागणारे सामान आहे. मी म्हटले, फटफटीवरून सोडतो, घरून आणतो, थांब. ती म्हणाली, एस.टी. हाय.

गाडी यायला अर्धा तास होता. मी शेजारी उभा. काय काय बोलायचे होते. माझे चुकले म्हणालो. ती म्हणाली, "व्हय. चुकलं." त्यात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. मी विचारले, सोमवारी? ती म्हणाली, सुईला येईन, पुण्यालाच, दवाखान्याच्या दारात.

एरवी इथेच थांबलो असतो. पण पुढे होऊन, तिच्या तोंडाकडे बघून विचारले, "आन् घरी?"

गाडी आली होती. लोक चढत होते. तिने पिशवी उचलली.

"तिन्ही येळा पोरं मला न सांगता नेली तुम्ही. येवढं मी ठरवीन."

ती चढली. गाडी पाटसच्या बाजूला वळेपर्यंत मी तिथे होतो. मग घरी आलो आणि आईने विचारले, सून कुठाय, तेव्हा सांगितले की मला माहीत नाही ती येईल की नाही.